ज्यानं घातलं, त्यानंच सोडवायचं

गोवर्धन आजोबा पोथी वाचावी तसं कायद्याचं पुस्तक वाचून राहिले होते, अन् आयकणारा एकही माणूस त्यायच्याकडं पाहत नव्हता. सारे वर पाहत होते, संत्र्याच्या झाडाकडं.

वैशाख होता न. तिवश्याच्या आमच्या मळ्यात, मंजे माह्या आजीच्या माहेरी, मिरगाच्या बहाराचा ताण देलेला. ताण मंजे काय, माहीत हाये का तुमाले? महिना-दीड महिना झाडाले पाण्याचा थेंब द्यायचा नाई. पानं वळतात, पिवळी पडतात, खाली गळतात. आता हे झाड मरते का काय असं वाटते, अन् मंग मिरगाचं पाणी लागलं का तेच झाड असं फुलते का फांदी दिसत नाई. ताण नाई देला त नुसती पानंच पानं. आमच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं, अन् त्या दिवसात घरातला माणूस स्वतः पाणी पेताना झाडाकडं पाठ करून पेते. खरंच सांगतो. मी पण तसाच पेतो.

त असे सारे झाडाखाली बसलेले. नत्थुजी, घरातले मोठे, बाजेवर. त्यायची बायको गोदाबाई खाली, सुपात डाळ घेऊन. पोरगा सूर्यभान विहिरीच्या काठाले टेकून. अन् माही आजी शकुन, तवा जेमतेम अठराची, नत्थुजीच्या लहान्या भावाची पोरगी. अकोल्याले देली होती तिले. नवरा गोवर्धन, मंजे माहे आजोबा, एका वकिलापाशी राहून मुखत्यारीची परीक्षा देऊन राहिले होते, अन् त्याच वकिलाच्या कपाटात त्यायले हे पुस्तक भेटलं. पागलखान्याचा कायदा, एकोणीसशे बाराचा. आता साल चालू होतं सत्तावीस.

"अजून एकडाव वाचा," आजी म्हणाली.

"तीनडाव वाचलं."

"मोठेबाबानं आयकलं नाई."

"आयकलं मी," नत्थुजी वरच पाहत म्हणाले. "इंग्रजी हाये ते. आयकून काय करू?"

गोवर्धननं पुस्तक मिटलं. "आपल्या भाषेत सांगतो. पोलिसानं रस्त्यावरून धरून नेलं असन, त जामीन लागते, मॅजिस्ट्रेट लागते, लय भानगड हाये. पन घरच्याच माणसानं अर्ज देऊन घातलं असन, त त्याच माणसानं लिहून द्यायचं का आता सोडा. बस. तिथला डाक्टर म्हणाला का हे बाई धोक्याची हाये, तरच थांबते. नाई त सोडाच लागते. सरकारले ना म्हणता येत नाई."

सूर्यभान हसला. "सरकारले ना म्हणता येत नाई? जवाईबापू, अकोल्यात गांजा सस्ता झाला काय?"

"कलम बत्तीस. तूच वाच."

"मी कायले वाचू. मले बैलाची भाषा येते."

आता हे ज्याच्यासाठी चाललं होतं ते सांगतो. रुख्मिणी. आजीची माय, माही पणजी. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा पुंजाराम गेला, अन् त्याची राख थंड व्हायच्या आत तिचा लहाना पोरगा गेला. पुढच्या उन्हाळ्यात तिवश्याचा बाजार होता, सारे बाजारात. हिनं एकटीनं मोट जुपली, बैल हाकलले, अन् ताणावरच्या साऱ्या झाडाले पाणी सोडलं. हे लोक परतले त मळ्यात चिखल, अन् ही गुडघाभर चिखलात उभी राहून अजून आळे भरूनच राहिली. वढलं त हटेना. सूर्यभान तवा पोरगंच, त्यानं हात धरला त त्याले चावली. झाडं भर उन्हात भलत्या वेळी फुलली अन् सारं फूल जळून गेलं. त्या साली एक संत्रं नाई. नत्थुजीनं अमरावतीले जाऊन अर्ज देला, अन् तिले नागपूरच्या पागलखान्यात घातलं. नंतर घरात कोणी इचारलं, गावात कोणी इचारलं, त उत्तर एकच होतं: सरकारनं नेली.

आजी तवा नऊ-दहा वर्षाची. तीही तेच सांगत मोठी झाली. सरकारनं नेली.

"मी अर्ज देला," नत्थुजी सावकाश म्हणाले. "पन दरवाजा सरकारनं लावला. सरकारचा दरवाजा माह्या बोलण्यानं उघडन काय?"

"उघडते," गोवर्धन म्हणाला. "तुमच्याच बोलण्यानं उघडते. दुसऱ्या कोनाच्या नाई. मी अर्ज देला त चालत नाई, शकुननं देला त चालत नाई. ज्यानं घातलं त्यानंच सोडवायचं."

आजी सांगे, मोठेबाबाचं तोंड त्या वेळी असं झालं जसं कोणी त्यायच्याच घरात त्यायले नवीन खोली दाखवली. सरकार मंजे त्यायच्या लेखी वर्धा नदी होती. पुरात जमीन नेते, ती काय परत आणून देते? कोणी मांगाले जाते का नदीपाशी? अन् आता हा पोरगा सांगून राहिला का नदीले आवाज द्यायचा होता, ती ओ देणार होती.

"आणा," सूर्यभान म्हणाला. त्यानं बाही वर केली, मनगटावरचे दाताचे वण दाखवले. "चावली मले होती. मी काही म्हणतो का? आणा काकीले."

आजीले इतकं बरं वाटलं का ती त्याच्याकडं सरकून बसली. पण गोदाबाईनं सूप आपटलं.

"आणा म्हणते शहाणा. जेठात तेल्हाऱ्याचे लोक तुले पाहाले येऊन राहिले. ओसरीवर बसतीन, इचारतीन, हे बाई कोन? काय सांगू? पागलखान्यातून आली?"

सूर्यभाननं बाही खाली केली. जरा वेळानं म्हणाला, "मंग लगनानंतर आणू."

"लगनानंतर तुह्या पोराचं बारसं येईन," आजी म्हणाली. "मंग त्याचं लगन येईन. तुमच्या घरात कवा पाहुणे नसतात ते सांगून ठेवा, माय तवा बरी होईन."

"जीभ पाहा पोरीची," गोदाबाई म्हणाली.

"तुमच्याच हातचं खाऊन वाढली मी, मोठीमाय."

पानं गळत होती, त्याचा आवाज येत होता. गोवर्धनचा घसा वाचून वाचून सुकला होता, त्यानं पाणी मांगितलं. गोदाबाई उठली, रांजणातून गडू भरला, त्याच्याकडं आणला, अन् देता देता थांबली. गडू तिच्या हातात, गोवर्धनचा हात पुढं, अन् ती तशीच उभी. गोवर्धनले वाटलं रागावली. मंग तिनं गडू देला अन् नवऱ्याकडं न पाहता म्हणाली, "मी येतो नागपूरले."

"तू कायले?" नत्थुजी.

"कायले मंजे? जाऊ हाये माही."

"आताच तू म्हणत होती का..."

"म्हणत होतो. आता येतो म्हणतो. तुमी चालता का मी पोरीसंग एकटी जाऊ?"

नत्थुजीले काहीच समजलं नाई. सूर्यभानलेही नाई. माय एका घोटात कशी उलटली ते त्याले लय दिवस कोडं होतं. पण घरात गोदाबाई उठली मंजे घर उठलं. दोन दिवसानं नत्थुजीनं धुतलेला फेटा बांधला अन् चौघं नागपूरच्या मोटारीत बसले. सूर्यभान मळ्यावर राहिला.

आता इथून पुढचं आजी सांगे तवा तिचा आवाज बारीक होत जाय, अन् मी तिच्या मांडीवर चढत जाओ.

डाक्टर बंगाली होता. नवाच आलेला, टकला, चष्मा नाकावर. ऑफिसात टेबल, पंखा वढणारा माणूस, अन् खिडकीतून दिसणारी एक लांबच लांब भिंत. डाक्टरनं कागद काढून ठेवले होते.

"पिटीशन आपने दिया था?"

"जी साहेब."

"अब आप ही छुड़ाना चाहते हैं?"

नत्थुजीनं गोदाबाईकडं पाहिलं. "जी."

"ठीक है. आप लिख के देंगे तो मुझे छोड़ना पड़ेगा. कानून में मेरा काम इतना ही है, देखना कि ये खतरनाक तो नहीं. क्या किया था इसने?"

"पेड़ को पानी दिया, साहेब."

डाक्टर पेन धरून वाट पाहून राहिला. "फिर?"

"फिर काही नाई. पानी दिया."

"पेड़ को."

"सारे पेड़ को."

डाक्टरनं चष्मा वर केला. नत्थुजीले वाटलं, साहेबाले समजलं नाई, मंग त्यायनं आपल्या हिंदीत समजावून सांगितलं. "साहेब, वो टाइम पे पानी देने का नाई. पेड़ को प्यासा रखने का. पत्ता गिरने को होना, मरने को होना, तब पेड़ फूलता. इसने पानी छोड़ दिया."

बोलता बोलता त्यायचा आवाज कमी कमी होत गेला. तिवश्यात हे वाक्य केवढं होतं! ओसरीवर कोणी म्हणे, ताणावरच्या झाडाले पाणी देलं बाईनं, त आयकणारा कानावर हात ठेवे. त्या खोलीत ते वाक्य एवढंसं झालं, टेबलावर पडलं, अन् साऱ्यायले दिसलं. उन्हाळ्यात एका बाईनं झाडाले पाणी देलं.

डाक्टर हसला नाई. "किसी को काटा भी था?"

"लडके को. हात खींचा तो."

"यहाँ इतने सालों में किसी को नहीं." त्यानं घंटी वाजवली. "जमुना, लेके आओ."

आजीले मायचं तोंड नीट आठवत नव्हतं. तिनं मनात एक तोंड करून ठेवलं होतं, अन् जे तोंड दरवाज्यातून आलं ते वेगळंच होतं. लहानी होती ती. केस पांढरे, नऊवारी जाडीभरडी, पण नीट नेसलेली. जमुना जमादारीण तिच्या खांद्यावर हात ठेवून होती. रुख्मिणीनं खोलीत पाहिलं. गोदाबाईवर नजर थांबली, मंग आजीवर, तिथं जरा जास्त थांबली. अन् मंग तिले नत्थुजी दिसले.

तिनं पदर हनुवटीपर्यंत वढला अन् भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"नाम क्या है आपका?" डाक्टर.

काही नाई.

"ये लोग आपको लेने आए हैं. जाना है?"

पदर हलला सुद्धा नाई.

"साहेब," जमुना म्हणाली, "ये तो दिनभर बोलती है. सवेरे मेरे को डाँट रही थी कि झाडू उल्टा मारती. आज क्या हुआ क्या मालूम."

डाक्टरनं अजून दोन-तीनडाव इचारलं. मंग पेन उचललं. "जवाब नहीं देगी तो मुझे वही लिखना पड़ेगा."

गोवर्धन आजोबानं पुस्तक उघडलं, पण पुस्तकात याचं काही नव्हतं. कलम बत्तीस तिथंच संपत होतं.

नत्थुजी उठले.

"साहेब, मी भासरा हावो."

डाक्टरले शब्द समजला नाई. गोवर्धननं सांगितलं का हे हिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडं बाई भासऱ्यापुढं बोलत नाई. तोंड दाखवत नाई. एका घरात जन्म जाते, पण एक शब्द नाई. काही सांगायचं असलं त सासूले सांगायचं, जावेले सांगायचं.

डाक्टर नत्थुजीकडं पाहतच राहिला. "मतलब आपने इनकी आवाज़ कभी सुनी नहीं?"

"नाई."

"कभी पूछा नहीं, पानी क्यों दिया?"

"कसं इचारू, साहेब?" नत्थुजी म्हणाले, अन् ते खरंच इचारत होते.

मंग ते बाहेर गेले. लांब नाई. दरवाज्याबाहेर वरांडा होता, तिथं उंबऱ्याले लागून खाली बसले, खोलीकडं पाठ करून. नागपूरच्या पागलखान्याच्या वरांड्यात, धुतलेल्या फेट्यात, साऱ्या शिपायापुढं जमिनीवर बसले. तिवश्यात ज्यायच्यापुढं कोणी बाजेवर बसत नव्हतं, ते.

अन् त्यायले आवाज आला.

हे त्यायनं स्वतः आजीले सांगितलं, म्हातारपणी. म्हणे, मले वाटलं आत दुसरीच कोणी बाई बोलून राहिली. मी समजत होतो तिचा आवाज बारीक असन, रडका असन. अन् हा आवाज जाड, भरलेला, जात्यावर गाणाऱ्या बाईचा. लगन होऊन आली तवापासून हा आवाज माह्या घरात होता, अन् मले पत्ता नाई.

"नाव रुख्मिणी," तो आवाज म्हणाला. "इचारा काय इचारायचं ते."

"पेड़ को पानी क्यों दिया था?"

"माहं पोरगं तापात होतं, साहेब. पाणी मांगत होतं. घरातले म्हणे, तापात पाणी देऊ नये, पाणी देलं त जाते. मी गडू भरून आणला होता. हातातून घेतला माह्या. रातभर मांगत होतं, मंग आवाज बसला त ओठ हलवून मांगत होतं. सकाळी गेलं. पाणी नाई देलं तरी गेलं."

गोदाबाई आतच होती. आजी तिच्या बाजूले होती. आजीनं इतकंच पाहिलं का मोठीमायनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मंग उन्हाळा आला. झाडाले ताण देला. मी पाच-सहा दिवस पाहलं. मंग पाहवलं नाई."

डाक्टर जरा थांबला. आजीले वाटलं झालं आता, पण त्यानं अवघड तेच इचारलं. "आपको क्या लगा था, पेड़ पानी माँग रहे हैं? आवाज़ आती थी उनकी?"

पंखा वढणारा माणूस सुद्धा थांबला होता.

"झाडं बोलत नाईत, साहेब," रुख्मिणी म्हणाली. "माहं पोरगं बोलत होतं."

डाक्टरनं चष्मा काढला अन् धोतराच्या... नाई, तो प्यांटवाला होता, रुमालानं पुसला. पुसून पुसून पुसला.

"घर जाके फिर ऐसा करेंगी?"

आता इथं ती खोटं बोलू शकत होती न? मी दर वेळी आजीले म्हणो, नाई म्हण न, नुसतं नाई म्हण अन् घरी ये. आजोबाही तवा मनात तेच म्हणत होते. नाई करणार म्हटलं का दरवाजा उघडला. अन् वरांड्यात नत्थुजीनं डोळे मिटले.

"झाडाले नाई," ती म्हणाली. "झाडं त्यायचे हायेत, त्यायले समजते. पन माणसानं मांगलं अन् माह्या हातात असलं, त देईन. हातातून घेऊ देणार नाई आता कोनाले. ते लिहा तुमी."

डाक्टरनं लिहिलं. काय लिहिलं ते कोणाले वाचता नाई आलं, पण लिहिता लिहिता तो मोठ्यानं म्हणाला, "खतरनाक नहीं है," अन् जमुना जमादारीण तोंडाले पदर लावून बाहेर गेली.

मंग नत्थुजीले आत बोलावलं. त्यायचा अंगठा पाहिजे होता. ते भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून आले, का तिले पदर वढा लागू नये. अंगठा शाईत बुडवला, अन् तसाच हवेत धरून म्हणाले, "साहेब, एक इचारू?"

"पूछिए."

"हे मी... पयले आलो असतो, तरी?"

"तरी क्या?"

"पयल्या वर्षी आलो असतो. असाच अंगठा देला असता."

डाक्टरले खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, तसं दुखवायचंही नव्हतं. "डॉक्टर ठीक समझता तो, हाँ," तो म्हणाला. "कभी भी."

अंगठा उमटला. जरा जास्तच दाबला गेला, शाई बाजूले पसरली. आजी म्हणे, एवढासा डाग, माशी बसल्याएवढा. त्याच्यापायी माह्या मायची सारी वर्षं भिंतीमागं गेली, अन् त्याच्यानंच ती बाहेर आली. ती म्हणे, मी तवापासून कोणाचा अंगठा कागदावर टेकताना पाहिला का श्वास धरतो.

एक रकाना उरला होता. डाक्टर म्हणाला, "कहाँ रहेंगी? किसके घर?"

"अकोल्याले," आजी म्हणाली. "माह्यापाशी."

"तिवश्याले," गोदाबाई म्हणाली. "घर हाये तिचं. पोरीच्या सासरी राहीन का ते?"

"तेल्हाऱ्याचे लोक येऊन राहिले न जेठात?"

"येऊ दे. ओसरीवर मी सांगतो त्यायले हे कोन हाये ते. त्यायले नाई जमलं त उठून जातीन."

"मोठीमाय, तुमीच परवा..."

"परवा परवा होता."

दोघी भांडाले लागल्या, त्या टेबलापुढं, त्या साहेबापुढं. गोवर्धन आजोबा मधात पडले, त त्यायलेही दोन्हीकडून बसलं. नत्थुजी बोलले, "तिवसाच लिहा," आजी म्हणाली, "कावून? परत तुमीच ठरवाल?" अन् नत्थुजी असे गप झाले का पुन्हा त्या दिवशी बोललेच नाईत.

डाक्टरनं पेन आपटलं टेबलावर. हळूच. "कानून में नहीं लिखा है कि इनसे पूछना है," तो म्हणाला. "लेकिन पूछ लेते हैं." अन् तो रुख्मिणीकडं वळला. "आप बताइए. कहाँ?"

तिनं पदर थोडा मागं सारला. नत्थुजी खोलीत होते, तरी सारला. तिले हा सवाल कोणी कधी इचारला होता? माहेरच्यायनं नाई, सासरच्यायनं नाई, सरकारनं नाई. ती लय वेळ इचार करत राहिली. साऱ्यायच्याकडं एकेकडाव पाहिलं. आजीकडं पाहून म्हणाली, "तू शकुन हायेस न?" आजीनं मान हलवली.

"पयले बाहीर त जाऊ द्या," रुख्मिणी म्हणाली. "मंग सांगतो."

डाक्टरनं रकाना तसाच सोडला.

फाटक मोठं होतं, लोखंडी. शिपायानं कागद पाहिला, आडणा काढला. भर दुपार होती, रस्ता मोकळा, एक टांगा अन् एक शेळ्यावाला. डाव्या हाताले स्टेशनचा रस्ता, जिथून अकोल्याची गाडी. उजव्या हाताले मोटारीचा अड्डा, जिथून तिवसा. गोवर्धन आजोबा पुढं होऊन टांगेवाल्याले हाक माराले गेले, त आजीनं त्यायचं धोतर मागून धरलं.

रुख्मिणी फाटकाच्या बाहेर येऊन उभी राहिली. डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. मंग समोर एक पायवाट होती, कुठं जाते कोणाले माहीत, तिकडं चालाले लागली. घाई नाई, काही नाई. तिच्यामागं आजी. आजीमागं गोदाबाई. मंग गोवर्धन, पुस्तक बगलेत मारून. अन् साऱ्यायच्या मागं नत्थुजी, शाईचा अंगठा अजून तसाच दूर धरून. कोणी तिले इचारलं नाई कुठं चालली. कोणी पुढं गेलं नाई. ती जिथं थांबली तिथं आमचं सारं घर थांबलं, अन् ती चालली का चाललं.